डोंगर उत्तरेला, डिश दक्षिणेला

प्रश्न : आमचे गाव सोनाळा, तालुका संग्रामपूर. घर गावात आहे आणि संत्र्याची बाग सातपुड्याच्या पायथ्याला. घरावर टीव्हीची छत्री आहे. तिच्यावर शंभराहून जास्त वाहिन्या स्वच्छ दिसतात. पण बागेत गेलो की मोबाईलची रेंज जाते, आणि डोंगराच्या आत शिरलो की फोन फक्त वेळ बघायच्या कामाचा उरतो. आकाशातून टीव्ही येतो, तर त्याच छत्रीतून इंटरनेट का येत नाही? उपग्रहावरून इंटरनेट मिळणार असे ऐकतो. ते आले की टॉवर आणि केबल यांची गरज संपेल का? तोवर आम्ही वाट पाहावी की ग्रामपंचायतीकडे काही मागावे?

ता. क. : रात्री कधीकधी दिव्यांची सरळ रांग आकाशातून जाताना दिसते. तिचा या सगळ्याशी काही संबंध आहे का?

(एक वाचक, सोनाळा, जि. बुलढाणा)

उत्तर : तुमच्या पत्रात एकाऐवजी पाच प्रश्न आहेत आणि पाचही एकमेकांत गुंतलेले आहेत. रेंज का जाते, छत्रीतून नेट का येत नाही, उपग्रहाचे नेट म्हणजे नेमके काय, त्याने टॉवर हटतील का, आणि गावाने काय करावे. एकेक गाठ सोडवू. दिव्यांच्या रांगेकडे शेवटी वळू.

फोनचे नेट येते कुठून?

पुष्कळांना वाटते की मोबाईलचे इंटरनेट आजही उपग्रहावरूनच येते. टॉवर उंच असतो, त्यावर पांढरे गोल ढोल दिसतात, म्हणून तो आकाशाशी बोलत असावा असा समज होतो. प्रत्यक्षात तुमच्या फोनचा संवाद असतो तो काही किलोमीटरवरच्या टॉवरशी. ते गोल ढोल एका टॉवरकडून दुसऱ्या टॉवरकडे निरोप पोचवण्यासाठी असतात. टॉवरपासून पुढचा प्रवास बहुतेक ठिकाणी जमिनीखालच्या काचेच्या तारेतून, म्हणजे ऑप्टिकल फायबरमधून होतो. ही तार शहरे ओलांडत मुंबईला पोचते, आणि मुंबईच्या वर्सोवा किनाऱ्यावरून समुद्राच्या तळाशी टाकलेल्या केबल्समधून परदेशात जाते. एका खंडातून दुसऱ्या खंडात जाणारी इंटरनेटची जवळपास सगळी वाहतूक अशा समुद्री केबल्सवरच चालते.

फोनचा उपग्रहांशी संबंध येतो तो जागा दाखवणाऱ्या जीपीएससाठी. तिथेही फोन फक्त ऐकतो, उलट काही पाठवत नाही. याचा पडताळा तुम्ही स्वतः घेतला असेल. डोंगरात नकाशा उघडला तर तुम्ही कुठे आहात तो निळा ठिपका बरोबर दिसतो, पण त्याच्याभोवतीचे रस्ते आणि गावे उमटत नाहीत, सगळे कोरे राहते. ठिपका उपग्रहांच्या संदेशांवरून ठरतो. रस्ते इंटरनेटवरून यावे लागतात, आणि ते टॉवरअभावी अडलेले असतात.

बागेत गेल्यावर रेंज का जाते?

मोबाईलच्या लहरी बऱ्याच अंशी सरळ रेषेत जातात. उन्हात डोंगराची सावली पडते, तशीच लहरींचीही सावली पडते. गावातल्या टॉवरसमोर सपाट रान असेल तर रेंज लांबवर पोचते. मध्ये एखादी सोंड आली की तिच्यामागची दरी सावलीत जाते. तुमची बाग आणि तिच्या वरच्या अंगाला डोंगरात असलेल्या वस्त्या नेमक्या अशा सावलीत येतात.

मग तिथे टॉवर का उभारत नाहीत? टॉवर नुसता उभा करून चालत नाही. त्याला वीज लागते, जनित्रासाठी डिझेल लागते, दुरुस्तीला माणूस पोचेल असा रस्ता लागतो, आणि मागून डेटा आणणारी फायबर किंवा समोर स्वच्छ दिसणारा दुसरा टॉवर लागतो. तुमच्या उत्तरेला अंबाबरवा अभयारण्य आहे आणि ते मेळघाट व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे. तिथे चर खणायचा तर वन विभागाची परवानगी लागते, आणि ती सहज मिळू नये हेही योग्यच आहे. एवढे करून वस्तीत ग्राहक मोजकेच, म्हणून खासगी कंपन्या फारशा पुढे येत नाहीत.

सरकारने हे अंतर भरायचा प्रयत्न दोन बाजूंनी चालवला आहे. ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेण्याच्या योजनेला ऑक्टोबर २०११ मध्ये मंजुरी मिळाली. तीच पुढे भारतनेट झाली. जुलै २०२२ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने नेटवर्क न पोचलेल्या २४,६८० गावांना ४जी देण्यासाठी २६,३१६ कोटी रुपयांच्या योजनेला मंजुरी दिली. फायबर जिथवर जाते तिथवर तिला तोड नाही. केसासारख्या एका तंतूतून एवढा डेटा वाहतो की अख्ख्या तालुक्याची गरज भागून उरेल. अडचण असते ती शेवटच्या काही किलोमीटरची. उपग्रहाचे काम तिथे सुरू होते.

सगळ्या छत्र्या दक्षिणेकडेच का पाहतात?

सोनाळ्यातल्या गच्च्यांवरून एक फेरी मारा. टीव्हीच्या छत्र्या दक्षिणेकडे किंवा थोड्या आग्नेयेकडे तोंड करून बसलेल्या दिसतील. डोंगराकडे पाहणारी एकही सापडणार नाही. याचे कारण कळले की अर्धे कोडे सुटते.

टीव्हीचे उपग्रह विषुववृत्ताच्या बरोबर वर, ३५,७८६ किलोमीटर उंचीवर असतात. या उंचीवर पृथ्वीभोवती एक फेरी मारायला उपग्रहाला तेवढाच वेळ लागतो जेवढा पृथ्वीला स्वतःभोवती फिरायला लागतो. मळणीचे जुने खळे आठवा. तिवड्याभोवती बैलांची पात फिरते. आतला बैल लहान वर्तुळ चालतो, बाहेरचा मोठे, पण फेरी दोघांची एकदमच पुरी होते. आतल्या बैलाला बाहेरचा बैल सतत आपल्या बाजूलाच दिसतो. पृथ्वी आतला बैल समजा आणि उपग्रह बाहेरचा. म्हणून हा उपग्रह आपल्याला आकाशात एकाच जागी खिळल्यासारखा दिसतो, आणि छत्री एकदा नीट रोखली की वर्षानुवर्षे हलवावी लागत नाही. अशा तीन उपग्रहांनी ध्रुवांकडचा भाग सोडून जवळपास सारे जग व्यापता येईल, हे आर्थर क्लार्क यांनी १९४५ सालीच लिहून ठेवले होते.

सोनाळा विषुववृत्ताच्या उत्तरेला साधारण २१ अंशांवर आहे. त्यामुळे तिथून हे उपग्रह दक्षिणेच्या आकाशात, क्षितिजापासून साधारण ६० अंश उंच असतात. छत्रीची बनावट तिरपी असल्याने ती खाली पाहते असे वाटते, पण तिची नजर बरीच वर असते. आता तुमच्या गावाचे भाग्य पाहा. सातपुडा उत्तरेला आणि उपग्रह दक्षिणेला. ज्या डोंगराने टॉवरची वाट अडवली, तो उपग्रहाच्या वाटेत येतच नाही. पायथ्याच्या वस्तीला रस्ता नसेल, खांब नसेल, पण दक्षिणेचे आकाश उघडे आहे. या उंचावरच्या उपग्रहाला तेवढेच पुरते.

मग त्याच छत्रीतून नेट का नाही?

देवळावरचा कर्णा आणि हातातला फोन यांत जो फरक आहे, तोच टीव्ही आणि इंटरनेट यांत आहे. पहाटे कर्ण्यावर काकडा लागला की एकच आवाज साऱ्या गावाला पुरतो. दहा घरे ऐकोत की हजार, खर्च तेवढाच. पण कर्ण्याला उलट काही सांगता येत नाही. टीव्हीचा उपग्रह असाच वरून एकदा कार्यक्रम सोडतो आणि कोट्यवधी छत्र्या तो झेलतात. छत्री फक्त ऐकते. तिच्यात बोलणारे यंत्रच नसते.

इंटरनेटमध्ये प्रत्येकाची मागणी वेगळी असते. तुम्ही बाजारभाव विचारता, शेजारची मुलगी अभ्यासाचा व्हिडिओ मागते, सेवा केंद्रात सातबारा उघडला जातो. प्रत्येक प्रश्न वर जायला हवा आणि प्रत्येक उत्तर ज्याचे त्यालाच यायला हवे. त्यासाठी डिशमध्ये ऐकण्याबरोबर पाठवण्याचीही सोय लागते. ती सोय असलेल्या डिश तुम्ही पाहिल्याही असाल. बँकांच्या शाखांवर आणि काही एटीएमच्या छपरांवर ज्या मोठ्या पांढऱ्या डिश असतात, त्या दुहेरी संवादाच्या आहेत. त्यांना व्हीसॅट म्हणतात. लांबच्या शाखेत खात्यातले पैसे दिसतात आणि निघतात ते अनेकदा त्यांच्यामुळे. म्हणजे उपग्रहाचे नेट नवे नाही. ते आतापर्यंत कचेऱ्यांना परवडत होते, आता घराच्या आवाक्यात येऊ पाहत आहे.

इथे आणखी एक समज दूर करू. उपग्रहात इंटरनेट साठवलेले नसते. तो आरशासारखा मध्यस्थ असतो. तुमचा प्रश्न डिशमधून उपग्रहाकडे जातो, तिथून जमिनीवरच्या एका मोठ्या केंद्रावर उतरतो, आणि त्या केंद्राला जोडलेल्या फायबरमधून नेहमीच्याच इंटरनेटला मिळतो. उत्तर त्याच वाटेने परत येते. भारतात ही सेवा देणाऱ्या कंपन्यांनी इथल्या ग्राहकांचा डेटा भारतातल्याच अशा केंद्रांतून नेला पाहिजे, अशी सरकारची अट आहे. उपग्रहाचे नेटसुद्धा शेवटी फायबरच्याच खांद्यावर उभे असते, हे लक्षात ठेवा.

तीस मीटरची डिश ताटाएवढी कशी झाली?

भारताचे परदेशांशी उपग्रहाद्वारे दळणवळण सुरू झाले ते आपल्याच महाराष्ट्रातून. पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळच्या आर्वी येथे १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला देशाचे पहिले व्यापारी उपग्रह केंद्र उभे राहिले आणि त्याला विक्रम साराभाईंचे नाव देण्यात आले. तिथल्या डिशचा व्यास जवळपास तीस मीटर होता. एवढी मोठी कशाला? कारण वरचा उपग्रह दुबळा होता. त्याचा क्षीण आवाज ऐकायला जमिनीवर मोठा कान लागत होता.

त्यानंतरच्या पन्नास वर्षांत तीन गोष्टी बदलल्या. उपग्रह ताकदवान झाले. लहरींची कंपने वाढली, त्यामुळे लहान डिशलाही त्या नेमक्या पकडता येऊ लागल्या. आणि अख्ख्या देशावर एकच झोत टाकण्याऐवजी उपग्रह लहान लहान भागांवर वेगवेगळे झोत टाकू लागले. एक मोठा दिवा लावण्याऐवजी अनेक बॅटऱ्या रोखाव्यात तसे हे आहे. उजेड दाट पडतो, आणि एकमेकांपासून लांब असलेल्या दोन झोतांत त्याच लहरी पुन्हा वापरता येतात. इस्रोचा ५,८५४ किलो वजनाचा जीसॅट-११ अशाच झोतांचा आहे. तो ५ डिसेंबर २०१८ रोजी फ्रेंच गयानातून सोडण्यात आला. दुर्गम ग्रामपंचायतींना ब्रॉडबँड देणे हा त्याच्या कामाचा एक भाग होता. नोव्हेंबर २०२४ मध्ये अमेरिकेतून सोडलेल्या जीसॅट-२० चे असे ३२ झोत आहेत.

लांबचा उपग्रह आणि जवळचा उपग्रह

उंचावरच्या उपग्रहाची एक अडचण कितीही पैसा ओतला तरी सुटत नाही. ती आहे अंतराची. तुमचा प्रश्न वर जाऊन खाली येतो तेव्हा सुमारे ७२ हजार किलोमीटर होतात. उत्तरालाही तेवढेच. एकूण झाले १ लाख ४४ हजार. लहरी सेकंदाला तीन लाख किलोमीटर जातात, तरी यात जवळपास अर्धा सेकंद मोडतो. सिनेमा पाहताना तो कळत नाही. पण डॉक्टरांशी व्हिडिओवर बोलताना तुम्ही थांबता, ते थांबतात आणि मग दोघे एकदम बोलू लागता.

यावर उपाय म्हणून उपग्रह खाली आणले गेले. वनवेब या कंपनीचे उपग्रह १,२०० किलोमीटरवर फिरतात. स्टारलिंक या कंपनीचे साधारण ५५० किलोमीटरवर. ५५० किलोमीटरवरून प्रश्न आणि उत्तर मिळून आकाशातला प्रवास दोन-अडीच हजार किलोमीटरचा होतो. तो सेकंदाच्या शंभराव्या भागाहूनही कमी वेळात संपतो. बाकीची यंत्रे आणि तारा धरूनही बोलण्यात खंड जाणवत नाही. शिवाय उपग्रह ६५ पट जवळ आला की तेवढ्याच ताकदीचा आवाज आपल्याकडे चार हजार पटींहून जोरकस पोचतो, त्यामुळे डिशही आटोपशीर राहते.

पण जवळ आल्याची किंमत मोजावी लागते. खालचा उपग्रह एका जागी ठरत नाही. सेकंदाला साडेसात किलोमीटर धावत तो दीड तासात पृथ्वीची फेरी पुरी करतो. सोनाळ्याच्या डोक्यावर तो काही मिनिटेच असतो. तो गेला की दुसऱ्याने जागा घ्यायला हवी. शेगावहून पंढरपूरला निघालेली पालखी जशी भोई बदलले तरी थांबत नाही, तसा तुमचा संवाद एका उपग्रहाच्या खांद्यावरून दुसऱ्याच्या खांद्यावर जात राहतो. म्हणून तिथे तीन उपग्रहांवर भागत नाही. वनवेबला सहाशेहून अधिक लागले, स्टारलिंकला हजारो. वनवेबच्या उपग्रहांपैकी ७२ आपल्या श्रीहरिकोट्यावरून गेले. ३६ ऑक्टोबर २०२२ मध्ये, उरलेले ३६ मार्च २०२३ मध्ये.

आता टॉवर आणि केबल हटणार का?

हटणार नाहीत, आणि याचे कारण साध्या भागाकारात आहे. जीसॅट-२० ची एकूण क्षमता सेकंदाला ४८ गिगाबिट. घरी नेहमीचे चांगले नेट म्हणजे ५० मेगाबिट धरू. ४८ गिगाबिट म्हणजे ४८ हजार मेगाबिट. त्यांना ५० ने भागा. उत्तर येते ९६०. सगळ्यांनी एकाच वेळी पूर्ण वेग घेतला तर अख्ख्या देशात ९६० घरे. प्रत्यक्षात सगळे एकदम वापरत नाहीत, म्हणून याहून पुष्कळ जास्त ग्राहक सामावतात. तरीही एका शहरातल्या एका वस्तीची भूक अशा उपग्रहाला भागवता येणार नाही. जवळचे उपग्रह हजारोंनी असल्याने तिथे क्षमता बरीच जास्त असते. पण एका परिसरावर एका वेळी येणारा वाटा मर्यादितच असतो. ग्राहक वाढले की प्रत्येकाचा वेग घटतो.

म्हणून दाट वस्तीला फायबर आणि टॉवर, विरळ वस्तीला उपग्रह, ही वाटणी निसर्गानेच करून ठेवली आहे. दोघांत भांडण नाही. रानातल्या टॉवरला फायबर मिळत नसेल तर त्याच्या पायाशी डिश बसवून मागचा डेटा उपग्रहावरून आणता येतो. मग वस्तीतल्या लोकांना नवे काही विकत घ्यावे लागत नाही. खिशातल्या साध्या फोनलाच रेंज येते.

पाऊस, झाड आणि वीज

घनघोर पाऊस आला की टीव्हीवरचे चित्र फुटते, हे तुमच्या घरचेच उदाहरण. उपग्रहाच्या लहरी एक-दोन सेंटिमीटर लांबीच्या असतात. पावसाचे थेंब त्यांना शोषून घेतात आणि विखुरतात. भुरभुर पावसाचा त्रास होत नाही, मुसळधार सरीत संवाद काही मिनिटे तुटू शकतो. सर ओसरली की तो परत येतो.

झाडाचा अडथळा कायमचा असतो. टीव्हीच्या छत्रीला दक्षिणेची एक लहान फट पुरते, पण जवळच्या उपग्रहांच्या डिशला धावत्या उपग्रहांचा माग ठेवायचा असल्याने आकाशाचा मोठा तुकडा मोकळा लागतो. डोक्यावर कडुनिंब किंवा आंबा असेल तर दर थोड्या वेळाने संवाद तुटत राहील. डिश अंगणाऐवजी गच्चीवर किंवा खांबावर लावावी ती यासाठी.

तिसरी गोष्ट विजेची. अशी डिश साधारण एका छताच्या पंख्याएवढी वीज सतत घेते. भारनियमनात ती बंद पडू द्यायची नसेल तर इन्व्हर्टर किंवा लहान सौर संच हवा. हा खर्च जाहिरातीत दिसत नाही, म्हणून तो आधीच धरून चाला.

उलट एका बाबतीत उपग्रह जमिनीवरच्या तारेहून भरवशाचा आहे. जुलै २०२३ मध्ये संग्रामपूर आणि जळगाव जामोद तालुक्यांत अतिवृष्टी होऊन पूर आला, तो तुम्ही पाहिला आहे. अशा वेळी रस्ते खचतात, खांब पडतात, जमिनीतली तार उघडी पडते. एरवीही रस्तारुंदीचे काम निघाले की जेसीबीच्या एका घावात फायबर तुटते आणि गावाचे नेट दिवसभर जाते. डिश आणि बॅटरी मात्र कोरड्या जागी असतील तर पुरातही बोलता येते. तहसील, आरोग्य केंद्र आणि पोलीस ठाण्याला तेवढा एक धागा शाबूत राहिला तर मदत वेळेवर पोचते.

महाराष्ट्रात सध्या काय चालले आहे?

भारतात ही सेवा देण्याचा दूरसंचार परवाना वनवेब, जिओ-एसईएस आणि स्टारलिंक या तीन कंपन्यांना मिळाला. स्टारलिंकला तो जून २०२५ मध्ये मिळाला. परवाना हातात आला की दुसऱ्या दिवशी नेट सुरू होते, असे नसते. लहरींचे वाटप, सुरक्षा चाचण्या आणि जमिनीवरची केंद्रे हे टप्पे त्यानंतर येतात.

नोव्हेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्र शासनाने स्टारलिंकसोबत इरादापत्रावर सह्या केल्या. असे करणारे ते देशातले पहिले राज्य. त्यात शासकीय संस्था, ग्रामीण वस्त्या आणि महत्त्वाच्या सार्वजनिक सुविधांचा उल्लेख आहे, आणि गडचिरोली, नंदुरबार, धाराशिव व वाशीम या जिल्ह्यांची नावे आहेत. हे चार म्हणजे निती आयोगाच्या यादीतले राज्याचे आकांक्षित जिल्हे. शेजारचा वाशीम त्यात आहे, बुलढाणा नाही. इरादापत्र म्हणजे कंत्राटही नव्हे. म्हणून बातमी वाचून गावात डिश येणार असे धरू नका. पण त्यातून एक गोष्ट दिसते. शासनालाही उपग्रहाचे नेट आधी शाळा, दवाखाने आणि दुर्गम वस्त्या यांच्यासाठीच हवे आहे.

उपग्रह शिक्षणासाठी वापरण्याचा अनुभव महाराष्ट्राला आधीपासून आहे. सप्टेंबर २००४ मध्ये इस्रोने केवळ शिक्षणासाठी एज्युसॅट हा उपग्रह सोडला. त्या उपक्रमाच्या पहिल्या टप्प्यात नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ सहभागी होते. अशा उपक्रमांतून एक धडा मिळतो आणि तो आपण विसरू नये. डिश बसवणे एका दिवसाचे काम आहे, ती चालू ठेवणे दर महिन्याचे. बिल कोण भरणार, बॅटरी कोण बदलणार, बिघाड झाला तर कोणाला फोन करायचा, आणि मुलांसमोर तो पडदा कोण वापरणार, हे आधी ठरले नाही तर डिशवर धूळच बसते.

तर मग गावाने काय करावे?

सोनाळा आणि त्याच्या वरची रानातली वस्ती यांचे उत्तर वेगळे आहे. सोनाळ्यासारख्या मोठ्या गावाने फायबरचाच आग्रह धरावा. ग्रामपंचायतीत फायबर आली आहे का, ती चालू आहे का, तिथून शाळा आणि आरोग्य केंद्राला जोडणी दिली आहे का, हे विचारावे. घरोघरी महाग डिश लावून भागवावे अशी गावाची परिस्थिती नाही, आणि उपग्रहाच्या आशेवर फायबर मागायचे सोडले तर तो तोटा मोठा होईल.

डोंगराच्या कुशीतल्या वस्तीने मात्र उपग्रह मागावा, तोही सगळ्यांसाठी एक. शाळेच्या किंवा समाजमंदिराच्या छपरावर एक डिश, एक लहान सौर संच आणि भोवती वायफाय. एवढ्यात रेशनची नोंद, पीक विम्याचा अर्ज, मुलांचा अभ्यास आणि दवाखान्याशी बोलणे ही कामे निघतात. खर्च विभागला जातो आणि देखभालीला एक जबाबदार माणूस ठरवता येतो.

तुमच्या बागेपुरते म्हणाल तर आधी एक साधे काम करा. फोन घेऊन बांधाबांधाने फिरा आणि रेंज कुठे येते, कुठे जाते ते वहीत टिपा. बऱ्याचदा सावलीच्या बाहेर एखादी उंच जागा सापडते. तिथे खांबावर बाहेरचा अँटेना आणि सिमकार्डचा राउटर लावला की घरच्या दरातच काम होते. ती नाहीच सापडली तर डिशचा विचार करा, आणि विक्रेत्याला तीन आकडे विचारा : उपकरणाची किंमत, दरमहा भाडे, आणि किती डेटा वापरल्यावर वेग कमी होतो तो आकडा. तिन्ही लिहून घेतल्याशिवाय पैसे देऊ नका.

आणि ती दिव्यांची रांग?

होय, तिचा याच्याशी थेट संबंध आहे. जवळचे उपग्रह एका रॉकेटमधून डझनांनी सोडतात. सुरुवातीचे काही दिवस ते एकामागे एक कमी उंचीवरून जात असतात. संध्याकाळी किंवा पहाटे जमिनीवर अंधार असतो, पण तेवढ्या उंचीवर ऊन असते. ते ऊन त्यांच्यावरून परावर्तित होते आणि आपल्याला माळेसारखी रांग दिसते. पुढे ते वर चढून पांगतात आणि रांग मोडते.

आकाशात दिसणारा प्रत्येक उजेड मात्र उपग्रहाची रांग नसतो. २ एप्रिल २०२२ रोजी, गुढीपाडव्याच्या संध्याकाळी, विदर्भात अनेकांनी जळत जाणारे मोठे गोळे पाहिले. तो अवकाशातून परत वातावरणात शिरलेल्या रॉकेटचा अवशेष होता. चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावात त्या रात्री धातूचे एक मोठे कडे पडलेले सापडले. रांग सावकाश आणि शिस्तीत जाते, गोळा जळत, तुकडे पाडत जातो. एवढ्या खुणेवरून तुम्हाला फरक ओळखता येईल. अशी वस्तू पडलेली दिसली तर हात न लावता पोलिसांना कळवावे.

तुम्ही वाट पाहावी का, असे विचारले आहे. नुसती वाट पाहू नका. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर, या चार दिवशी ग्रामसभा भरते. पुढच्या ग्रामसभेत रेंजची ती वही घेऊन जा. गावासाठी फायबरची चौकशी आणि वस्तीवरच्या शाळेसाठी एक डिश, असे दोन वेगळे ठराव मांडा. एकाच अर्जात दोन्ही मागितले की एकाच्या आश्वासनावर दुसरे लांबणीवर पडते. शाळेच्या डिशसाठी जागा दाखवायला सांगितली तर गोंधळू नका. आकाश जिथे सगळ्यात मोकळे असेल, वर झाडाची फांदी नसेल, ती जागा दाखवा. दक्षिण बाजू तर आपोआपच मोकळी मिळेल. डोंगर तुमच्या पाठीशी आहे.